सतरा नंबरची रेघ

पाय वळला. लई नाय, बोटभर. मंचरच्या स्टँडसमोर मेडिकलच्या पायरीवरून उतरत होतो, हातात केळी, मागं माझा रूममेट ऋषी बडबडतोय, आणि डावा पाय बाहेरच्या अंगाला गेला अन् परत आला. पापणी लवते ना, तेवढ्यात. कुणाला दिसलं नाय. ऋषीला पण नाय, तो आपला त्याच्या चुलतभावाच्या लग्नातल्या बँडचं सांगत होता. पण मी तिथंच थांबलो. हसू नका रे, ऐका आधी. मी लगेच केळ्याचं साल काढायला लागलो, म्हणजे थांबायला कारण पाहिजे ना, आणि सालीकडं बघत बघत आतल्या आत पायाला विचारत होतो, आहेस का रे? आहेस ना? हे मी रोज विचारायचो. दिवसातून दहा-वीस वेळा. सकाळी चटईवरून उठताना, एसटीच्या पायरीवर, ग्राउंडवर लांब उडीच्या खड्ड्यापाशी. पाय कधी हो म्हणायचा, कधी गप बसायचा. गप बसला की मी खाली बघून चालायचो. डोळ्यांनी जमीन चाचपायची, मग पाऊल ठेवायचं. सहा वर्षं मी असाच चालत होतो, आणि तुम्हाला वाटायचं चांगदेव लई विचार करतो, मान खाली घालून चालतो. भरतीच्या बॅचमधली पोरं म्हणायची, चांग्या रस्त्यावर पडलेली चिल्लर शोधतोय.

त्याच दिवशी, दोन हजार नऊचा जानेवारी, थंडी अशी की ग्राउंडवर तोंडातून वाफा निघायच्या, संपत सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. संपत सर म्हणजे आमच्या भरती अकॅडमीचे मालक, मास्तर, सगळं तेच. सोळा वर्षं फौजेत काढलेली. एकवीस पोरं आम्ही, पोलीस भरतीला पाच आठवडे राहिलेले. सर म्हणाले, "उद्या मंगल कार्यालयात यायचं. आपल्या भंवरलालशेठची पोरगी पुण्याला फिजिओथेरपी शिकती, चेतना मॅडम. तिनं कॉलेजातून एक मशीन आणलंय. डोळ्यावर टीव्ही लावत्यात आन् पायाचा बॅलन्स बघत्यात. तिच्या अभ्यासाला पोरं पायजेल व्हती, मी म्हणलं घे माझी. पन मला यादी पायजे. ज्याचा घोटा त्या मशीनमधी नापास, त्यो बॅचमधून कमी. सरळ घरी." कुणीतरी मागून हसलं. सर तिकडं वळले. "हसायचं काम न्हाई. गेल्या वर्सी ते घाटघरचं पोरगं लांब उडीत पडलं, पायातलं लिगामेंट तुटलं, अजून कुबडीवर हाय. त्याच्या आईपुढं उभं ऱ्हायला मला तोंड न्हाई. त्यानं पाय लचकतो ते लपवलं व्हतं. मला आता लपवनारं पोरगं नको." हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. पण मला वाटलं माझ्याकडंच बघतायत. मला चोविसावं संपत आलेलं, पुढच्या भरतीपर्यंत वय निघून जाणार, म्हणजे हाच चान्स होता, दुसरा नव्हताच. मी डाव्या पायावरचा भार हळूच उजव्यावर घेतला.

आता तुम्ही म्हणाल, अरे येड्या, सहा वर्षं पाय वळतोय तर सांगायचं ना कुणाला. तर हे बघा, मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, मग बाकीचा मी. आमच्या बोरी गावात हे सगळ्यांना माहीत. कुणाला उसण भरली, कंबर धरली, की आमच्या दारात. मी एवढासा होतो तेव्हापासून. माणूस उंबऱ्याकडं पाठ करून वाकून उभं राहायचं, मी उंबऱ्यावर डाव्या पायावर उभा राहायचो आणि उजव्या पायानं त्याच्या कमरेला हलक्या तीन लाथा द्यायचो. माझी आई, ठमाबाई, शेजारी उभी राहून मोजायची. एक. दोन. तीन. पाय मधे टेकवायचा नाय, टेकवला तर परत पहिल्यापासून. मोठमोठी माणसं वाकायची राव माझ्यापुढं. तलाठी वाकलेला. शाळेतले गुरुजी वाकलेले, ज्यांनी सकाळी मला अंगठे धरायला लावलेले. मला वाटायचं माझ्या पायात काहीतरी आहे, बॅटरीत सेल असतो ना, तसं. अंथरुणात मी पायाची बोटं हलवून बघायचो. डोळ्यांच्या आधी यांनी जग बघितलंय, असं मला वाटायचं. यांना सगळं माहीत असणार.

आणि मग बारावीच्या सुट्टीत नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोची क्रेट उतरवताना ट्रॉलीवरून उडी मारली, खाली सडक्या टोमॅटोचा चिखल, डावा घोटा आत मुडपला. आवाज आला. ओली काटकी मोडल्यासारखा, टचकन नाय, चरचर. घरी आलो तेव्हा घोटा पावासारखा फुगलेला. पँट लांब होती, कुणाला दिसलं नाय. आणि दारात बघतो तर पिंपरी पेंढारची चिमाबाई बसलेली, मैलभर चालून एसटीनं आलेली, उसण भरलेली, धड बसता पण येईना तिला, एका कुल्ल्यावर बसलेली. आई म्हणाली, "आला का, बरं झालं. हातपाय धुऊ नको, आधी लाथ मार. बाई सकाळधरनं बसलीया." मी म्हणालो, "आई, उद्या." "उद्या कशापायी?" आता काय सांगू? पायाळूचा पाय मुरगळला? चिमाबाई काय म्हणाली असती? गावानं वर्षभर तोंडात धरलं असतं. चिमाबाई म्हणाली, "मार रं बाळा, तुज्या पायात गुन हाय." आणि वाकली. मी उंबऱ्यावर चढलो. डाव्या पायावर. घोट्यातून जे काही वर आलं ना ते मी तुम्हाला सांगू शकत नाय, डोळ्यापुढं पिवळं झालं, आईचा आवाज लांबून आला, एक, आणि मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधला एक आकडा धरला. एकोणीस तारीख. एकोणिसाला डोळ्यांनी घट्ट धरलं, हातानं दोरी धरावी तसं, आणि उभा राहिलो. दोन. तीन. चिमाबाई सरळ झाली, म्हणाली मोकळं झालं ग बाई. पुढच्या दोन दिवसांत अजून चार माणसं आली. चौघांना लाथा मारल्या. एकोणिसाला धरून. तिथून माझा पाय संपला. म्हणजे होता, चालत होता, पळत होता, पण आतून कळवायचा बंद झाला. तिथून मी डोळ्यांवर उभा राहायला लागलो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मशीननं सांगितलं.

मंगल कार्यालयात स्टेजवर पडदा लावून मशीन मांडलं होतं. एक काळा पाटा, वजनकाट्यासारखा, त्यावर अनवाणी एका पायावर उभं राहायचं. बाजूला लोखंडी बार. डोक्यावर हेल्मेट, त्यात डोळ्यांपुढं दोन बारके टीव्ही, मागं जाडजूड वायर, ती जाते कॉम्प्युटरला. चेतना मॅडम पंचविशीची असेल, डोक्याला रबर, पायात कापडी बूट, आमच्यासारखंच बोलायची. तिचा बाप भंवरलाल कापडाच्या दुकानात बसतो, लहानपणी आमचा शाळेचा ड्रेस त्याच्याकडूनच. तिनं सगळ्यांना एकत्र सांगितलं. "घाबरू नका रे. आपण उभं राहतो ते तीन गोष्टींच्या जिवावर. डोळे, कानाच्या आतला भाग, आणि पायाच्या सांध्यातली जाणीव. घोटा एकदा लचकला, नीट बरा झाला नाही, परत परत लचकला, की ती जाणीव बोथट होते. मग माणूस नकळत सगळा भार डोळ्यांवर टाकतो. चालताना, पळताना कळतच नाही, डॉक्टरला पण नाही. म्हणून मी डोळ्यांना खोटं दाखवणार. हेल्मेटमध्ये एक खोली दिसेल, ती हळूहळू कलेल. ज्याचा घोटा शाबूत तो म्हणेल, कलू दे, माझे पाय सांगतायत जमीन सरळ आहे. ज्याचा नाही, तो खोलीबरोबर कलणार. पाटा ते सगळं रेघेत काढतो." पोरं ऐकत होती. मी पण ऐकत होतो. इतकी वर्षं ज्याला नाव नव्हतं, ते ही बाई सगळ्यांपुढं सांगत होती. एकोणीस तारीख. ती एकोणीस तारखेबद्दल बोलत होती.

छातीवर भरतीसारखे नंबर बांधलेले. ऋषीचा चार, माझा सतरा. मॅडम आतून नंबर पुकारायच्या, एकेकजण पडद्याआड. सर ज्युनिअर पोरांना घेऊन ग्राउंडवर. ऋषी बाहेर आला तो हसत. "अरे राव, खोली अशी वाकडी होती ना, आपण पण जातो की तिच्याबरोबर. भीती वाटती. मी सरळ डोळेच मिटले! आतमधी कोण बघतंय? मस्त उभा राह्यलो, खांबासारखा." बस. पाच नंबरनं डोळे मिटले. सहानं मिटले. पोरं भरतीची आहेत, परीक्षा म्हणलं की आधी पळवाट बघणार. रांगेत पुढून मागं निरोप येत होता, डोळे मिटा, डोळे मिटा, आणि मी सतरावा. मला वाटलं सुटलो. खरंच वाटलं. खोटं बघायचंच नाय, मग कलायचं कशाला?

"सतरा." गेलो. मॅडमनी मागून हेल्मेट चढवलं, वजनदार, आत रबराचा वास. डावा पाय पाट्यावर, गार लोखंड. समोर एक हिरवट खोली, चौकटीचौकटीची, मधे लाल गोळा. "चालू करते," मॅडम म्हणाल्या आणि मी डोळे मिटले. आणि राव, काय सांगू. काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी अंधाराला घाबरलोच नव्हतो, घरी अंधारात दोन पायांवर असतो, हाताला भिंत असते. इथं एका पायावर, डोळे बंद, आणि खाली पायच नाय. गुडघ्यापर्यंत मी होतो. त्याच्या खाली मी नव्हतो. विहिरीत पाय सोडून बसावं आणि पाणी किती खाली आहे ते कळू नये, तसं. मी मनातल्या मनात एकोणीस शोधत होतो, कॅलेंडर शोधत होतो, आईचा आवाज शोधत होतो, आणि अंग कुठं चाललंय ते मला बार लागल्यावर कळलं. दोनदा बार धरला. तिसऱ्यांदा धरला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "झालं, उतरा."

दुपारी त्यांनी सगळ्यांना बसवलं. हातात कागद, चेहरा असा की हसू का रडू. "चार नंबरपासून पुढं सगळ्यांनी डोळे मिटले ना? अरे पोरांनो, खोली एवढी कलतीय आणि अठरा जणांपैकी एकाचीही रेघ खोलीबरोबर हलत नाही! मी काय येडी आहे का? माझे दोन वर्षांचे कष्ट आहेत हे." पोरं खाली बघायला लागली, माझ्यासारखी. "उद्या सगळ्यांची परत टेस्ट. उद्या खोलीत आकडे दिसतील, ते मोठ्यानं वाचायचे. डोळे मिटले की मला कळेल." मग त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "एक मात्र आहे. डोळे मिटून सतरा जण खांबासारखे उभे होते. एकाची रेघ नुसती भूकंप झाल्यासारखी आहे. ते मी आज मोजत नाही. उद्या बघू." टेबलावर कागद होता. मी उठताना बघितला. बाकीच्या रेघा पावसाळ्यात विजेच्या तारा जरा हलतात तशा. सतरा नंबरची रेघ कागदाच्या बाहेर गेलेली.

पळवाट सगळ्यांना मिळाली होती आणि तिच्यातनं फक्त मीच पकडला गेलो होतो. मॅडमला चेहरा माहीत नव्हता, फक्त नंबर. संध्याकाळी वडापावच्या गाडीवर ऋषीनं स्वतःच विषय काढला. "ती भूकंपवाली रेघ तुझी ना?" मी वडापावाकडं बघत बसलो. "गप काय बसतो? मला म्हाईत है. तू चिल्लर शोधत नाय चालत. दोन वर्षं एका खोलीत राहतो तुझ्याबरोबर, रोज सकाळी घोट्याला पट्टी बांधतो ते मला दिसत नाय का?" मला काय वाटलं माहितीय? राग आला. एवढं सांभाळून ठेवलेलं, आणि हा वडापाव खात खात सांगतोय. मग तो जवळ सरकला, तोंडात मिरची, "ऐक. सर ग्राउंडवर असत्यात. आतमधी फक्त मॅडम, ती पण मागून हेल्मेट घालती. सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळ्यांचं बनियन सारखं. माझा चार नंबर लवकर होतो. मग तुझा सतरा मी बांधतो अन् परत जातो. डमी! सरळ उभा राहीन, आकडे वाचीन, पास." "आणि सापडलो तर?" "सापडायला मी काय नवरी आहे का, तोंड बघायला? खा." मी खाल्लं. चव लागली नाय. डोक्यात एकच चाललेलं, पाच आठवडे. फक्त पाच आठवडे पायानं साथ द्यायची, पाच किलोमीटर, शंभर मीटर, गोळा, पुलअप्स, लांब उडी. लांब उडीपाशी डोकं यायचं आणि थांबायचं. वाळूत पाय कसा पडेल ते आधी दिसत नाय रे. हवेत असताना डोळे पुढं असतात. तिथं पायालाच माहीत पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋषी चार नंबर लावून गेला, आला, "आकडे येत्यात, सोपंय," म्हणाला, आणि कार्यालयाच्या मागं, जिथं लग्नाच्या पत्रावळी टाकतात तिथं, आम्ही नंबर बदलले. त्यानं माझा सतरा छातीला बांधला. मी मोकळाच. परत येऊन खुर्च्यांवर बसलो. बारा झाला. तेरा. ऋषी माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "तुझ्यासारखं चालत जाऊ का?" आणि बसल्या बसल्या मान खाली घालून, खांदे पाडून, डोळ्यांनी फरशी चाचपत दोन पावलं हवेत टाकली. शेजारची पोरं फिस्सकन हसली. मी पण हसलो. आणि हसता हसता मला मी दिसलो, म्हणजे कसा दिसतो ते. माझ्या वयाचा माणूस नाय. म्हातारं माणूस, ज्याला रस्ता परका आहे. चौदा. पंधरा. ऋषी जाणार, सरळ उभा राहणार, सुंदर रेघ काढणार, आणि कागदावर लिहिलं जाणार, सतरा, घोटा शाबूत. मग ती रेघ घेऊन मी उडी मारणार. त्याची रेघ, माझा पाय. सोळा बाहेर आला, चपला शोधायला लागला. मला त्या वेळी भरतीचं काहीच आठवत नव्हतं, खरं सांगतो. मला एवढंच वाटत होतं की आतमधी एक मशीन आहे ज्याला माझ्या पायाचं खरं माहीत आहे, जगात एकच, आणि तिथं मी जाणार नाय, दुसराच कुणी जाणार.

"सतरा."

ऋषी उठला. मी त्याच्या छातीवरचा नंबर धरून ओढला. दोरी तुटली. "काय करतो, येडा झाला का?" तो दबक्या आवाजात. "बस खाली." "अरे चांग्या..." "बस म्हणतो ना." पडद्याआड गेलो तेव्हा नंबर हातातच होता. मॅडमनी बघितला, काही बोलल्या नाहीत, हेल्मेट चढवलं. गार पाटा. हिरवी खोली. लाल गोळ्याच्या जागी आज आकडा, सात. "वाचा मोठ्यानं." "सात." "पुढचा." "तीन." आणि खोली कलायला लागली. हळू, इतकी हळू की पहिल्यांदा वाटलं मीच कलतोय, मग वाटलं खोली, मग कळेना. "नऊ," मी म्हणालो. माझं अंग त्या खोलीबरोबर निघालं होतं, मला कळत होतं की हे खोटं आहे, मशीन खोटं दाखवतंय, बाहेर मंगल कार्यालय सरळ उभं आहे, तरी मी निघालो होतो, कारण थांब म्हणणारं खाली कुणी नव्हतं. "वाचा." "दोन." "बार धरा हवं तर." नाय धरला. का नाय धरला मला विचारू नका. मला बघायचं होतं कुठपर्यंत जातो. "पाच," असं ओरडलो मी, आणि घोटा बाहेरच्या अंगाला गेला, ह्या वेळी बोटभर नाय, पूर्ण, आणि मी पाट्यावरून खाली, हेल्मेटची वायर ताणली, मॅडमनी पळत येऊन डोकं धरलं, नायतर मशीन गेलं असतं कामातून.

स्टेजवर बसलो. घोटा डोळ्यांदेखत फुगत होता. मॅडमनी अंगठ्यानं दाबून बघितलं, पाऊल हातात धरून पुढं ओढलं, ते सैल कुलपासारखं हललं. "हा कालचा नाही," त्या म्हणाल्या. "नाय." "व्यायाम असतात. बरं होईल, पण महिने लागतील. पाच आठवड्यांत नाही." मग माझं पाऊल खाली ठेवत, "सरांना संध्याकाळी यादी द्यायचीय मला. सतरा कोण ते त्यांना माहीत असणार." मी म्हणालो, "यादी राहू द्या. मी जातो." "बर्फ लाव आधी. बस जरा." "नाय मॅडम. आत्ताच जातो."

पडद्याबाहेर पोरं उठून उभी. ऋषी काहीतरी म्हणत हात द्यायला आला, मी नको म्हणलं. कार्यालयापासून ग्राउंड अर्धा किलोमीटर, मधे सगळी बाजारपेठ. रविवार, गर्दी ही. आणि मी लंगडत निघालो. तुम्हाला हे कसं सांगू, मी सहा वर्षांत एकदाही लंगडलो नव्हतो. किती वेळा घोटा मुरगळला, प्रत्येक वेळी दात खाऊन सरळ चाललो, कुणी बघेल म्हणून. आता लंगडत होतो, दुकानदार बघत होते, शेंगदाणेवाली म्हणाली, "काय झालं रं पोरा?" आणि मी लंगडत होतो, पाय ओढत, मधेच थांबत, भिंतीला हात लावत, दुखतंय म्हणून तोंड वाकडं करत. मान वर होती माझी. खाली बघायची गरजच नव्हती, पाय दुखत होता ना, तो कुठं आहे ते मला नीट कळत होतं.

ग्राउंडवर सर ज्युनिअर पोरांना पळवत होते. लांबून मला बघितलं. शिट्टी तोंडात तशीच राहिली. मग ते माझ्याकडं चालत आले, पळत नाय, चालत, आणि दोन हातांवर येऊन थांबले. माझ्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"पाय मुरगळला व्हय? कवा?"

मी दोन्ही पायांवर उभा राहायचा प्रयत्न केला. नाय जमला. एकाच पायावर उभा राहिलो.

"सहा वर्षं झाली, सर."